मदत हवी आहे: पोर्तुगालचा आलेन्तेजु किनारा, गाडी न घेता

मंडळी, सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन पोर्तुगालला जातोय. लिस्बनचं ठरलंय. पुढचे ६ दिवस दक्षिण टोकाच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या गर्दीत घालवायचे नाहीत, म्हणून त्याच्या वरच्या अंगाचा किनारा धरलाय: पोर्तू कोव्हू, मिलफोन्तेश, झाम्बुजैरा आणि सीमा ओलांडताच आल्गार्व्हमध्ये लागणारं ओदसैश.

अडचण अशी की तिकडे उजव्या बाजूने गाडी हाकायची माझी छाती नाही. लिस्बनहून या गावांना बस आहेत, पण एका गावातून दुसऱ्यात जायचं तर बसवर भिस्त ठेवावी का? की टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवावी?

कड्यांवरून जाणारी कोळ्यांची पायवाट खुणावतेय. पण पोर्तू कोव्हू ते मिलफोन्तेश २० किमी, त्यात पाय रुततील अशी वाळू आणि आईचा गुडघा! तासाभरात होईल असा घट्ट जमिनीचा तुकडा सुचवा. काबू सार्दांव या भूशिराला करकोचे चक्क समुद्रातल्या सुळक्यांवर घरटी करतात. सप्टेंबरात ती रिकामीच असणार, तरी जावं का?

बाबा मालगुंडचे, डुंबल्याशिवाय राहणार नाहीत. अटलांटिकचं पाणी उन्हाळ्यातही गारठवतं म्हणे. मग मिलफोन्तेशला मीरा नदीच्या मुखाशी, आतल्या बाजूला उतरलेलं बरं का? ओहोटीला ओढ कितपत असते?

आणि आई माळकरी. पाव तिथेही पावच (शब्द पोर्तुगीजांचाच), पण त्यासोबत काय मिळेल? स्वयंपाकघर असलेली खोलीच घेऊ का?