ईस्टर: बडोद्यात हा सण करताना (अनुभव धागा)

कॅम्पातली ताई
येशू मरणातून उठला त्याचा सण म्हणजे ईस्टर, पण रंगीत अंड्यांपलीकडे तो फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांच्या घरी किंवा शेजारी हा सण होतो त्यांनी पक्कं लिहा: काय, किती, कधी, कुठे बिघडतं.

तारखेपासून सुरुवात करते. २१ मार्चला किंवा त्यानंतर चर्चच्या गणिताने जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यातच पडतो. पौर्णिमा रविवारीच आली तर सण आठवडाभर पुढे जातो. २०२५ मध्ये ती १३ एप्रिलला रविवारी होती, म्हणून ईस्टर २० ला. हनुमान जयंतीवरून मात्र अंदाज बांधू नका. २०२६ मध्ये ती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ ला, पण २०२४ मध्ये ईस्टर धुळेटीच्याच (धुळवडीच्याच) आठवड्यात, ३१ मार्चला, आणि हनुमान जयंती थेट २३ एप्रिलला.

फतेहगंजकर
शेजाऱ्यांसाठी सगळ्यात आधी एक: गुड फ्रायडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी, ‘हॅपी’ म्हणून मेसेज पाठवू नका. येशूच्या क्रूसावरच्या मरणाचा तो दिवस, शोकाचा. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी, कारण त्या दिवशी तो मरणातून उठला आणि ख्रिस्ती श्रद्धा सगळी त्यावरच उभी आहे. ‘प्रभू उठला आहे’ म्हटलं की ‘खरोखर उठला आहे’ असं उत्तर येतं.

राखेच्या बुधवारपासून (उपासकाळाचा पहिला दिवस) पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरचा आदला दिवस) ४६ दिवस होतात. मधले ६ रविवार सोडले की उपासकाळाचे ४०. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयात एकच पूर्ण जेवण, शिवाय दोनदा थोडंसं खाणं. मांस १४ वर्षांपासून वर्ज्य. त्यामुळे गुड फ्रायडेला त्यांना जेवायला बोलावू नका, आग्रह तर अजिबात नको.

झावळी
ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. आपल्याकडे शिंदी सहज मिळते, पण तिची पाती आखूड आणि टोकाला टोचरी. मिरवणुकीत धरायला ठीक, हातातला छोटा क्रूस करायला नारळाचीच घ्या.

पात्याची मधली शीर काढून बोटभर रुंद पट्टी घ्यायची. उभ्या पट्टीला वरून तिसऱ्या हिश्शावर, रेषांच्या दिशेने, ब्लेडने छोटी चीर. आडवी पट्टी त्यातून ओवून दोन्ही टोकं मागे दुमडून पुन्हा चिरेत खोचायची. चीर आडवी दिली तर पट्टी तिथेच तुटते. बडोद्याच्या उन्हात पाती दुपारपर्यंत कडक होतात आणि दुमडताना फाटतात, म्हणून शनिवारी कापून ओल्या कापडात गुंडाळून ठेवा.

क्रूस वर्षभर देव्हाऱ्यात किंवा दारावर राहतो. पुढच्या वर्षी केरात टाकू नका, चर्चमध्ये परत द्या. तेच जाळून राखेच्या बुधवारची राख होते.

मेणबत्ती
पवित्र शनिवारच्या रात्रीबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते वर्षातली सगळ्यात सुंदर उपासना तीच. कॅथलिक चर्चमध्ये अंधार पडल्यावर बाहेर नवा अग्नी पेटवतात. त्यावर मोठी पास्काची (म्हणजे ईस्टरची) मेणबत्ती पेटते: तिच्यावर क्रूस, अल्फा-ओमेगा ही ग्रीक अक्षरं, चालू सालाचे चार आकडे आणि येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे. मग तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत जाते. न पेटलेली तिरकी करायची, पेटलेली सरळच धरायची. उलट केलं की गरम मेण पुढच्याच्या हातावर. उपासकाळभर न म्हटलेलं ‘हालेलूया’ (देवाच्या स्तुतीचा घोष) याच रात्री परत येतं. पाहुणे म्हणून गेलात तरी चालतं, फक्त दीड-दोन तास हाताशी ठेवा.

रसोडा
अंडी रंगवायला बाजारचा रंग नको, कांद्याची सालं घ्या. १२ अंड्यांना १०-१२ कांद्यांची कोरडी सालं, १ लिटर पाणी, अर्धा तास उकळून गाळा, गार झाल्यावर २ मोठे चमचे व्हिनेगर. अंडी त्यातच ठेवून मंद आचेवर १२ मिनिटं. व्हिनेगर विसरलं तर रंग फिका. जास्त झालं तर कवच खरवडल्यासारखं होतं. फ्रिजमधली अंडी गरम पाण्यात सोडली की तडकतात. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून मलमलीत घट्ट बांधलं तर पानाची पांढरी नक्षी उमटते. बांधणी सैल राहिली तर रंग आत शिरतो. आपल्या एप्रिलमध्ये उकडलेली अंडी तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवायची नाहीत. मुलांच्या शोधाशोधीला ती फ्रिजमधून ऐन वेळी काढा.

कॅम्पातली ताई
सोसायटीत अंडं चालत नसेल तर मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या गोळ्याची, अंडी करा. काजू २५० ग्रॅम आणि पिठीसाखर २५० ग्रॅम एकत्र, मिक्सर थांबवत थांबवत वाटा. सलग फिरवलं की काजूला तेल सुटतं. २ चमचे गुलाबजल, ३-४ चमचे पाणी, जाड कढईत मंद आचेवर, कडा सोडून गोळा होईपर्यंत. लवकर उतरवलं तर साच्याला चिकटतं, उशीर झाला तर भुगा. रंग कोमट गोळ्यात मळा. साच्याला तुपाचा हलका हात, अंडी रात्रभर पंख्याखाली. फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेर काढताच घाम फुटून रंग ओघळतो.