मदत हवी आहे: फ्रीलान्सर नेमण्याचे कंपनीचे नियम कसे लिहावेत?

नमस्कार मंडळी,

साधारण चाळीस जणांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी एचआर बघते. स्वतःच्या नावाने बिल पाठवणारे डिझायनर, लेखक, टेस्टर यांना नेमायचं कसं आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं कसं, याचे लेखी नियम करायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. (ठेकेदारामार्फत येणारे कंत्राटी कामगार यात नाहीत, तो विषय वेगळा.)

हे सगळं निघालं एका मेलमुळे. आमच्याकडे एक डिझायनर तीन महिन्यांच्या कामासाठी आला होता. त्याला आता अडीच वर्षं झाली, दर वेळी करारावरची तारीख तेवढी बदलली. परवा त्याचा मेल आला: "सोमवारी मुलीच्या शाळेत जायचंय, अर्धा दिवस रजा मिळेल का?" करारात रजा नावाचा प्रकारच नाही, मग हा माझी परवानगी का मागतोय? बघायला लागले तर रोज सकाळच्या मीटिंगला त्याची हजेरी सक्तीची, लॅपटॉप आमचा, मेल आयडी कंपनीचा, सहीखाली 'सीनियर डिझायनर' आणि महिनाअखेरीला ठरलेली एकच रक्कम. सगळं नोकरीसारखं, फक्त भरपगारी सुट्टी नाही आणि विमा नाही. मला फार अपराधी वाटलं.

मग वाचायला बसले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ ची शिफारस क्रमांक १९८ याच विषयावर आहे. नातं नोकरीचं आहे का, हे करारात त्याला काय नाव दिलंय यावर नव्हे, तर काम कसं होतं आणि पैसे कसे दिले जातात यावरून ठरवावं, असं ती सांगते. ठरलेले तास, एकाच मालकासाठी काम, साधनं मालकाची, ठरावीक मुदतीने पैसे, या तिथल्या खुणा. आमच्या डिझायनरला सगळ्याच लागू पडतात. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टनेही वर्षानुवर्षं अशी माणसं ठेवली होती. 'मी स्वतंत्र व्यावसायिक आहे' असं त्यांनी लिहूनही दिलं होतं. तरी खटला झाला आणि २००० साली कंपनीने सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरला तडजोड केली. म्हणजे सही घेतली की आपण सुटलो, ही माझी समजूत चुकीची होती.

आता अडलेय ते इथे:

रोजच्या मीटिंगचं काय करायचं? न बोलावलं तर टीमशी मेळ बसत नाही. कामात चूक झाली तर सांगायचं कसं? आमचे मॅनेजर सगळ्यांना एकच अप्रेझल फॉर्म देतात. पैसे महिन्यावर द्यायचे की टप्प्यांवर? आणि केलेल्या कामाचे हक्क आपोआप कंपनीचे होतात ना?

कुणी असे नियम केले असतील किंवा दुसऱ्या बाजूने अनुभवले असतील, तर कृपया सविस्तर लिहा.

– अनुया

मोरपीस:
ताई, मी बारा वर्षं फ्रीलान्स लिखाण करतेय. माझ्या बाजूने सांगते. करारात हुद्दा लिहू नका, वस्तू लिहा. 'कंटेंट रायटर म्हणून काम' नको. 'अमुक विषयावर दहा लेख, प्रत्येकी इतके शब्द, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या' असं हवं. तिसरी फेरी लागली तर तिचे पैसे वेगळे, हेही तिथेच लिहा. माझी निम्मी भांडणं या एका ओळीने मिटली असती.

पैसे टप्प्यांवर द्या, थोडे आगाऊ द्या. काम पोचल्यावर किती दिवसांत हो-नाही कळवणार तेही ठरवा, आणि तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर काम मंजूर धरा. 'आमच्या क्लायंटने दिले की देतो' असं कृपा करून कुणाला सांगू नका. तो व्यवहार तुमचा, त्याची झळ आम्हाला का?

पानाआड:
आमच्याकडे मीटिंगचा नियम सोपा आहे. त्याच्या कामाचा विषय असेल त्या दिवशी, आधी वेळ विचारून बोलावायचं. काय हवं आणि कधी हवं ते आपण सांगायचं. कसं आणि किती वाजता करायचं ते त्याच्यावर. कंपनीतला एकच माणूस त्याच्याशी बोलेल हेही लिहून ठेवा, नाहीतर चार जण चार गोष्टी सांगतात.

अप्रेझल फॉर्म अजिबात नको. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांना 'वर्कर' ठरवलं, म्हणजे निव्वळ स्वतंत्र व्यावसायिक मानलं नाही, त्यात रेटिंगमधून चालकांवर राहणारं नियंत्रण हाही एक मुद्दा होता. दोष असेल तर कामावर बोट ठेवा: 'तिसऱ्या स्क्रीनवरचं बटण ठरल्याप्रमाणे नाही.' माणसाला गुण देऊ नका.

आणि सिस्टिमचा अ‍ॅक्सेस देतानाच संपण्याची तारीख घाला. काम संपल्यावर काढू म्हटलं की राहून जातं.

शाईदौत:
हक्क आपोआप मिळतात असं धरून चालू नका. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. एका संस्थेने शिल्प करून घेतलं, ते कसं हवं याच्या सूचनाही दिल्या. पण शिल्पकाराचा स्टुडिओ स्वतःचा, हत्यारं स्वतःची, तास त्याचे, मदतनीस त्याने नेमलेले. न्यायालयाने त्याला स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं, त्यामुळे 'हे आमच्या नोकराने केलेलं काम' या आधारावर संस्थेला कॉपीराइट मिळाला नाही. म्हणून 'पूर्ण पैसे मिळताच हक्क कंपनीकडे जातील' हे लेखी घ्या. त्याचं आधीपासूनचं साहित्य, विकत घेतलेले फॉन्ट यांची वेगळी नोंद करा. निकष देशागणिक बदलतात, तेव्हा मसुदा स्थानिक वकिलाला दाखवाच.

अनुया:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोरपीस, तुमची दुरुस्तीच्या फेऱ्यांची ओळ मसुद्यात जशीच्या तशी घेतेय. डिझायनरशी काल बोलले. नोकरी हवी की खरंखुरं स्वतंत्र काम, असं सरळ विचारलं. दोन दिवसांत सांगतो म्हणाला. नोकरी म्हणाला तर जागा मंजूर करून घ्यायची तयारी ठेवली आहे. शाईदौत, अडीच वर्षांच्या जुन्या कामाच्या हक्कांचं काय? नव्या करारातच एक कलम घालू का?

शाईदौत:
नको, वेगळा कागद करा आणि त्याला फायलींची यादी जोडा. आधी त्याचं एखादं बिल थकलंय का ते बघा. थकलं असेल तर ते चुकतं करा, मगच सही मागा.