मदत हवी आहे: विंट, आर-स्पॉन्डिन काढलं तरी कंट्रोलचे ऑर्गनॉइड मरत नाहीत

सायली_लॅब:
तिसरी खेप आहे. उंदराच्या मोठ्या आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्ये (पेशींपासून डिशमध्ये वाढवलेलं इवलं आतडं) क्रिस्परने, म्हणजे जनुक कापायच्या तंत्राने, एपीसी हे गाठी रोखणारं जनुक तोडायचंय. इलेक्ट्रोपोरेशननंतर (विजेच्या झटक्याने क्रिस्पर पेशींत घातल्यावर) चार दिवसांनी विंट आणि आर-स्पॉन्डिन ही पेशींना वाढायला लागणारी प्रोटीन मीडियममधून काढली. त्यांच्याशिवाय एपीसी तुटलेल्याच पेशी जगायला हव्यात ना? कंट्रोलमध्येही सगळे गोल, टम्म फुगलेले. सोमवारी सरांना दाखवायचंय. प्लीज लवकर सांगा.

कोकणकडा:
कंट्रोल कसला? मीडियम घरचं की विकतचं, आणि त्यात काय काय आहे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सह्याद्री५२:
एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅझॉक्सिमीथेनचं (कॅन्सर आणणाऱ्या रसायनाचं) एक इंजेक्शन उंदराला, मग पाण्यातून आतड्याला सूज आणणाऱ्या डीएसएसचे फेरे. गाठी मोठ्या आतड्यातच येतात. आठ वर्षं हेच करतोय. एपीसी-मिन (जन्मतःच एपीसी बिघडलेल्या) उंदरांच्या नादी मात्र लागू नका, त्यांच्या गाठी बहुतेक लहान आतड्यात.

कोकणकडा:
मिनबद्दल कोणी विचारलंय? आणि अ‍ॅझॉक्सिमीथेनने कुठलं जनुक बिघडेल ते आपल्या हातात नसतं. तिला आधी एपीसी, मग केरास, पी५३, स्मॅड४ असं कॅन्सरशी संबंधित एकेक जनुक बिघडवत जायचं असेल.

सह्याद्री५२:
असेल! तिने लिहिलंय कुठे?

आनंद_नाशिक:
माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. त्यांच्या गाठीचे असे ऑर्गनॉइड बनवून औषध ठरवता येईल का?

मृण्मयी:
आनंददादा, त्यावर संशोधन चालू आहे, पण नेहमीचे उपचार अजून त्यावरून ठरत नाहीत. केमो चालूच ठेवा, ऑन्कोलॉजिस्टना विचारा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहिते.

सायली_लॅब:
कंट्रोलला कॅस९ (कापणारं प्रोटीन) आहे, गाइड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा) नाही, म्हणजे एपीसी शाबूत. मीडियममध्ये नॉगिन, ईजीएफ (दोन्ही वाढीसाठीची प्रोटीन), वाय-२७६३२ (पेशी मरू नयेत म्हणून) आणि चिर (चिर-९९०२१ हे रसायन). सगळेच घालतात म्हणून लिहिलं नाही.

मृण्मयी:
चिर अजून आहे? अगं, तिथेच घोळ आहे. चिर-९९०२१ जीएसके-३ या एन्झाइमला अडवतं. विंटचा संदेश पुढे नेणारं बीटा-कॅटेनिन नष्ट करायला एपीसी आणि जीएसके-३ दोन्ही लागतात, त्यामुळे एपीसी शाबूत असलेल्या पेशींनाही विंट मिळाल्यासारखंच होतं. चिर इलेक्ट्रोपोरेशननंतर सावरायला दोन दिवस द्यायचं, मग काढायचं. गोल आकारावरही जाऊ नकोस, भरपूर विंटमध्ये निरोगी ऑर्गनॉइडही तसेच दिसतात. जगलेले एकेक उचलून सिक्वेन्सिंग कर. डीएनएची तीनच्या पटीत अक्षरं गळाली असतील तर प्रोटीन शाबूत राहू शकतं.

कोकणकडा:
मॅट्रिजेल (ऑर्गनॉइड ज्यात वाढवतात ते जेल) बर्फावर ठेवा, टिप्सही गार करून घ्या.

सायली_लॅब:
आत्ता फ्रीजमधून बाटली काढून बघितली. माझ्याच अक्षरात 'रिकव्हरी, चिर ३ मायक्रोमोलर'. तिन्ही वेळा हीच वापरली. ताई, चिर काढल्यावर कंट्रोल किती दिवसांत मरतील?

मृण्मयी:
आमच्याकडे पाच-सात दिवसांत काळवंडायला लागतात. मधे एक पॅसेज कर (तोडून नव्या जेलमध्ये लाव). सोमवारपर्यंत जमणार नाही, सरांना आजच कळव.