मदत हवी आहे: वेस्टर्न ब्लॉटमध्ये एसिक-१ए चा खरा बँड कोणता?

काचपट्टी:
उंदराच्या कॉर्टेक्समध्ये एसिक-१ए ही आम्लसंवेदी आयन वाहिनी वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखून, बघायची आहे. लेनमध्ये (जेलच्या एका पट्ट्यात) ३० मायक्रोग्रॅम प्रथिन, सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळलेलं. अँटीबॉडी सशातली, पॉलिक्लोनल, सी-टोकाच्या पेप्टाइडवर बनवलेली, १:५००. ७० किलोडाल्टनपाशी पुसट बँड, ५० च्या खाली ठळक बँड आणि वेलच्या (नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडाशी काळा डाग येतो. हिशेबाने वजन ६० च्या आसपास हवं. ब्लॉकिंग पेप्टाइड (अँटीबॉडी ज्यावर बनवली तोच तुकडा) घातलं की तिन्ही जातात. मग तिन्ही खरे धरायचे का?

पडदाप्रथिन:
नाही. पेप्टाइड अँटीबॉडीची पकडायची जागाच भरून टाकतं. त्याच जागेने ती भलत्या प्रथिनाला चिकटत असेल, तर तोही बँड जाणारच.

आधी उकळणं थांबवा. पडद्यातून दोनदा आरपार जाणारं हे प्रथिन तापवलं की एकमेकांना चिकटून गोळा होतं आणि जेलमध्ये शिरतच नाही; तोंडाशी दिसणारा डाग बहुधा तोच. ताजं डीटीटी (प्रथिनांतले सल्फर-बंध तोडणारं रसायन) घालून ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा आणि शेजारच्या लेनमध्ये उकळलेला नमुना चालवा. डाग फिका होऊन ७० चा बँड भरला, तर कारण सापडलं.

६० आणि ७० मधला फरक साखरेचा. बाहेरच्या मोठ्या भागावर एन-ग्लायकोसिलेशन होतं, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात. त्या कापणारं एन्झाइम पीएनगेज-एफ लावा, खरा बँड ६० कडे उतरेल. सॅम्पल बफरमधलं एसडीएस हे डिटर्जंट या एन्झाइमला मारतं, म्हणून एनपी-४० हे सौम्य डिटर्जंट शेवटी १ टक्का होईल इतकं आधी घाला आणि मगच एन्झाइम. एन्झाइमशिवायची लेनही तितकाच वेळ ३७ अंशांवर ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

काचपट्टी:
५० खालच्या बँडचं काय? आणि कंट्रोलला एचईके-२९३ (माणसाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) पेशी चालतील?

पडदाप्रथिन:
फक्त दुय्यम अँटीबॉडी (पहिल्या अँटीबॉडीला पकडून संकेत देणारी) लावलेला एक ब्लॉट करा. तिथेही तो बँड आला तर विषय संपला. नाही आला, तर प्रोटिएजने तुटलेला तुकडा किंवा दुसरं प्रथिन, दोन्ही शक्य. इनहिबिटर ताजे टाकून बर्फावर पुन्हा लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) करा. तुकडा असेल तर कमी होईल.

एचईके-२९३ मध्ये एसिक-१ए मुळातच असतं, त्यामुळे ती कोरी पेशी नव्हे. सीएचओ (हॅमस्टरच्या अंडाशयापासूनच्या) पेशी घ्या: एकीत एसिक-१ए चं जनुक असलेलं प्लाझ्मिड (डीएनएचं वर्तुळ), दुसरीत जनुकाविना रिकामा वेक्टर.

उभा_छेद:
अंतिम निवाडा एसिक-१ नॉकआउट (हे जनुक निकामी केलेल्या) उंदराच्या मेंदूवरच. हे उंदीर २००२ पासून प्रकाशित आहेत. एकाच वेतातला वाइल्ड-टाइप (जनुक शाबूत असलेला) भाऊ शेजारच्या लेनमध्ये हवा. नॉकआउटमध्ये जो बँड टिकतो तो तुमचा नाही, कितीही ठळक असो.

सी-टोक १ए आणि १बी (त्याच जनुकाचं दुसरं रूप) मध्ये सारखंच आहे. मेंदूत फारसं अडत नाही, पण डीआरजीमध्ये (पाठीच्या कण्यालगतच्या चेतागाठींमध्ये) ही अँटीबॉडी दोन्ही दाखवेल. आणि ब्लॉटवर पास झाली म्हणून ऊतींच्या पातळ छेदांवर केलेल्या रंगकामावर विश्वास ठेवू नका: पॅराफॉर्मल्डिहाइडने प्रथिनाचा आकार गोठतो, जागा झाकली जाते. नॉकआउटचा छेद त्याच स्लाइडवर, त्याच एक्स्पोजरने घ्या.