लाईव्ह घ्यायचं की व्हिडिओ मागवायचे

वर एकांनी लिहिलंय की वक्तृत्व स्पर्धा ऑनलाईन घेताय तर पोरांकडून व्हिडिओच मागवा, लाईव्हच्या भानगडीत पडू नका. अर्धं पटतं. आम्ही सांगलीत लॉकडाऊनमध्ये घेतली तेव्हा झूमचं फुकटातलं खातं, ४० मिनिटं झाली की मीटिंग बंद, आणि नेमकी जतकडची एक पोरगी प्रतिसरकारवर (इंग्रजांविरुद्ध क्रांतिसिंह नाना पाटलांनी उभं केलेलं समांतर सरकार) बोलत होती, 'नाना पाटील येडेमच्छिंद्रातून निघाले' म्हणाली आणि सगळेच मीटिंगबाहेर! परत लिंक टाकून माणसं गोळा होईस्तोवर तिची लय गेली ती गेलीच.

पण व्हिडिओत दुसरंच, पोराची नजर कॅमेऱ्याच्या जरा वर, म्हणजे मागं आई कागद धरून उभी, आणि दहाव्यांदा रेकॉर्ड करून पाठवलेलं ते वक्तृत्व कसलं हो, पाठांतर. म्हणून आता पहिली फेरी व्हिडिओची, ३ मिनिटं, मधे कुठं कट नाही, आणि फायनल लाईव्ह उत्स्फूर्त, विषय ५ मिनिटं आधी चिठ्ठी काढून. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की चेहरा पार पुसट होतो, ड्राइव्हची लिंक फॉर्ममध्ये भरून घ्या.

आणि हो, परीक्षकांना गुण ग्रुपवर टाकू नका म्हणून आधीच सांगा, आमच्या एका सरांनी निम्मी पोरं बोलायची असतानाच टाकले होते.