शरणपुरातल्या आफ्रिकन मुलांपैकी पुढे कुणी पाळक झालं का?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या तरुण संघाचं नाशिकच्या शरणपुरात वारसा-फेरी काढायचं घाटतंय. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन, त्याचं शव वाहून आणणाऱ्यांत शरणपूरची पोरं होती, एवढं सांगितलं तरी लोक खूश होतील, असं बाकीच्यांचं म्हणणं. मला त्याच्या पुढचं हवंय. त्या मुलांपैकी कुणी रीतसर दीक्षा घेतलेला पाळक झाला का? झाला असेल तर त्याने आयुष्यभर केलं काय? आणि ना. वा. टिळकांबद्दलही या फेरीतच बोलावं का?

पंचवटीकर:
टिळकांना यात ओढू नका. ते अमेरिकन मराठी मिशनचे, त्यांचं सगळं नगरकडे. बाप्तिस्मा १८९५ चा, तोही मुंबईत. शरणपूर चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनचं, म्हणजे घराणंच वेगळं. नाशिकशी त्यांचा संबंध शिक्षणाचा आणि सासुरवाडीचा, लक्ष्मीबाई जलालपूरच्या. त्यांच्यासाठी गंगापूरच्या बाजूला वेगळी सहल काढा, मीही येईन.

रंधा_पटाशी:
झाले की. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. पण आधी जो पाळक झाला नाही त्याच्याबद्दल दोन शब्द, कारण मी जन्मभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलंय आणि मला राहवत नाही.

शरणपूर १८५४ साली रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलं. ब्रिटिश आरमारवाले समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचे, त्यातली पोरं मुंबईत उतरवायचे, आणि मग त्यांचं करायचं काय हा घोळ. १८६० च्या सुमारास इझेनबर्ग नावाच्या जर्मन मिशनऱ्याने ती मुलं शरणपुरात आणली. (हा बाबा आधी ॲबिसिनियात राहून अम्हारिकचं व्याकरण लिहून आलेला.) शाळा होतीच, जोडीला सुतारकाम, लोहारकाम.

त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत चितांबोच्या गावात वारला, तेव्हा बरोबरच्या लोकांनी त्याचं काळीज पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरलं. दफनाची प्रार्थना कोण वाचणार? पाद्री शेकडो मैलांत नाही. वेनराइटने वाचली. मग झाडावर नाव आणि तारीख कोरली. त्या खोडाचा तुकडा पुढे लंडनला नेला, त्याचा फोटो नीट बघा. उभ्या झाडावर अक्षर कोरणं खायचं काम नाही. हाताला दाब मिळत नाही आणि रेघ तंतूंबरोबर पळते. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना आडव्या फळीवर जमत नसे.

आता जोन्स. १८६४ मध्येच तो पूर्व आफ्रिकेत, मोंबासाजवळच्या रबाईला मिशनच्या कामावर गेला. १८८५ साली बिशप हॅनिंग्टनने त्याला आणि सेमलरला डीकन (पूर्ण पाळकाच्या आधीची पायरी) केलं, आणि त्याच वर्षी जोन्सला घेऊन युगांडाच्या वाटेला लागला. वाटेत मोठा तांडा जोन्सच्या हवाली केला आणि बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेला. २९ ऑक्टोबरला राजा म्वांगाच्या हुकमाने त्याला मारलं. तांडा परत आणायचं काम जोन्सवर पडलं. उपाशी, आजारी माणसं, शेकडो मैल. १८८६ च्या सुरुवातीला ते रबाईत शिरले तेव्हा पुढे निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, ईखाबोद. बायबलात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात कराराचा पवित्र कोश शत्रूने नेल्यावर बाळाला ठेवलेलं नाव, अर्थ ‘वैभव गेलं’. अशा वेळी हा शब्द सुचायला शास्त्र मुरलेलं असावं लागतं.

पण माझ्या मते जोन्स मोठा ठरतो तो रबाईमुळे. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम तिथे येऊन राहायचे आणि जोन्स त्यांना हाकलत नसे. मालक चिडलेले, मिशनच्या वरिष्ठांना कायद्याची भीती. १८८८ मध्ये प्रकरण निस्तरायला सोसायटीने पाठवलं कुणाला, तर म्हाताऱ्या प्राइसलाच! शेवटी ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई देऊन मिटवलं, आणि १ जानेवारी १८८९ ला चौदाशेवर माणसांना सुटकेचे कागद मिळाले. फेरीत हे सांगा.

चिकित्सक_नाशिककर:
काका, छान लिहिलंत, पण जरा गोड झालंय. या पोरांना धर्म हवा का, नाव कुठलं हवं, हे विचारलं कुणी? फरार, इझेनबर्ग ही मिशनऱ्यांचीच आडनावं त्यांना चिकटवली. आणि १८६६ मध्ये नाशिकची नऊ पोरं लिव्हिंग्स्टनबरोबर गेली, त्यांच्याबद्दल साहेबाने कुरकुरच केलीय.

रंधा_पटाशी:
विचारलं नाही, खरंय. आणखी एक भर घालतो. जोन्स डीकन झाला १८८५ मध्ये, पूर्ण पाळक १८९५ मध्ये. डीकनला प्रभुभोजनाचा विधी स्वतः चालवता येत नाही. म्हणजे ज्या रबाईत याने एवढी माणसं सांभाळली, तिथे भाकर मोडायला दहा वर्षं दुसऱ्या पाद्र्याची वाट बघायची. गोरा असता तर एवढा थांबला असता का, हे मी सांगायला नको. हेही फेरीत बोला, झाकू नका. वेनराइट तर पाळक झालाच नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला, आणि १८९२ मध्ये आफ्रिकेतच आड गावी वारला.

गोदाकाठची:
काका, चित्रच बदललं. क्रम असा ठरवलाय: सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात आधी प्राइस आणि गलबतं, मग जोन्स, रबाई आणि ती दहा वर्षं, लिव्हिंग्स्टन सगळ्यात शेवटी. झाडाच्या खोडाचा फोटो मोठा छापून आणते. पाळकसाहेबांची परवानगी उद्याच मागते. तुम्ही दहा मिनिटं बोलाल का?

रंधा_पटाशी:
बोलेन. फक्त सकाळी आठच्या आत ठेवा आणि एक खुर्ची लागेल, गुडघे गेलेत. फोटो गुळगुळीत कागदावर छापू नका, उजेड परततो आणि अक्षरं दिसत नाहीत.