मदत हवी आहे: एकाच पॅनमधलं क्रीमवालं चिकन, सॉस दरवेळी फुटतो

नमस्कार मंडळी,

दोन आठवड्यांत तीनदा केलं आणि तिन्ही वेळा सॉसने दगा दिला, म्हणून शेवटी धागा काढतोय. पाककृती भरपूर वाचल्या. सगळीकडे 'आता क्रीम घाला आणि शिजू द्या' एवढ्यावर भागवलंय, आणि माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खातंय.

बायकोची सध्या उशिराची पाळी आहे. साडेदहाला घरी येते तेव्हा बोलायचंही त्राण नसतं. त्या वेळी गरम, मऊ, सॉसात बुडालेलं काहीतरी तिच्या पुढ्यात ठेवावं आणि नंतर भांडं एकच घासावं लागावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. (भांडी मी घासतो, त्यामुळे दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा.)

मी करतो ते असं: बोनलेस ब्रेस्टचे चार पीस, मीठ-मिरपूड लावून तेलात दोन्ही बाजूंनी परततो. त्यातच कांदा, लसूण, मशरूम. मग कपभर स्टॉक, 200 मिली क्रीम, झाकण, आणि वीस मिनिटं मध्यम आच. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस.

काल झाकण काढलं तर वर पिवळसर तेलाचे थेंब, खाली पाण्यासारखा पातळ रस्सा आणि सगळीकडे पांढरी कणी, दूध नासल्यावर दिसते तशी. चव तशी वाईट नव्हती. पण बायकोने चमच्याच्या टोकावर एक कणी उचलली आणि विचारलं, "हे चीज आहे का?" मी हो म्हणालो.

चिकनही चिवट होतंय, दातात दोरे अडकतात. नक्की कुठे चुकतंय? आणि एकदा फुटलेला सॉस परत एकजीव करता येतो का?

प्रतिसाद १

लिंबू! दूध नासवायला आपण लिंबूच पिळतो ना? मग क्रीमने काय पाप केलंय.

धागाकर्ता

पटलं असतं, पण पहिल्या वेळी लिंबू घरातच नव्हतं. तरीही फुटला.

प्रतिसाद २

उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. क्रीमच्या खोक्यावर फॅट किती टक्के लिहिलंय? पॅन केवढा आहे? आणि परतताना चिकनला सोनेरी रंग येतो की ते पांढरंच राहतं?

धागाकर्ता

आत्ता कचऱ्यातून खोकं काढून बघितलं, 20 टक्के. पॅन नॉनस्टिक, 24 सेंटिमीटरचा, चार पीस दाटीवाटीने बसतात. रंग म्हणाल तर येत नाही. पाणी सुटतं आणि पीस त्यातच शिजतात. धुतल्या धुतल्या पॅनमध्ये टाकतो, त्यामुळे असेल का?

प्रतिसाद २

मग बरंचसं उलगडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे: आच आणि क्रम.

आधी सॉस. क्रीममध्ये फॅटबरोबर दुधाची प्रोटीन्सही असतात. जोराची उकळी किंवा आंबट पदार्थ मिळाला की ती प्रोटीन्स एकमेकांना चिकटून गोळा होतात. तुमचं 'चीज' ते हेच. फॅट जितकं जास्त, तितका हा धोका कमी. 35 टक्क्यांच्या आसपासचं क्रीम उकळीला बऱ्यापैकी दाद देत नाही. 20 टक्क्यांचं क्रीम वीस मिनिटं झाकणाखाली खदखदवलं तर लिंबाशिवायही फुटणार, आणि वरून लिंबू पिळलं तर बघायलाच नको. म्हणून क्रीम सगळ्यात शेवटी. चिकन पूर्ण शिजलं, आच अगदी मंद केली, की मग घाला, आणि कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच ठेवा. फ्रीजमधून काढून थेट ओतू नका. अर्धा तास बाहेर ठेवा, किंवा पळीभर गरम स्टॉक आधी क्रीममध्ये ढवळा आणि मग ते पॅनमध्ये घाला.

कमी फॅटचंच क्रीम मिळत असेल तर कांदा परतून झाल्यावर त्यावर चमचाभर मैदा भुरभुरवून मिनिटभर परता, मग स्टॉक घाला. पिठातला स्टार्च प्रोटीन्सना गोळा होऊ देत नाही आणि सॉस दाटही होतो. मैदा नको असेल तर दोन चमचे थंड पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर चालेल. लिंबू सोडवत नसेल तर गॅस बंद केल्यावर चार थेंब पिळा, किंवा नुसती साल किसून घाला. सुगंध सगळा सालीतच असतो.

आता चिकन. पृष्ठभाग ओला असेल तर आचेची सगळी ताकद पाणी उडवण्यात जाते, आणि पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर चढत नाही. खरपूस रंग यायला साधारण 140 अंश लागतात. म्हणून पीस कागदी रुमालाने टिपून कोरडे करा. एका वेळी दोनच परता, मध्ये बोटभर जागा सोडा, आणि टाकल्यावर हलवू नका. स्टीलच्या पॅनमध्ये सुरुवातीला पीस चिकटतो आणि माणूस घाबरून तो ओरबाडतो. धीर धरा. रंग आला की तो आपोआप सुटतो.

मग पॅनच्या तळाला तपकिरी खरवड दिसेल. तीच या पदार्थाची खरी चव. कांदा-मशरूम परतून झाल्यावर गरम स्टॉक ओता आणि लाकडी उलथन्याने ती सगळी खरवडून रश्शात मिसळा. नॉनस्टिकमध्ये ती फारशी धरत नाही, म्हणून तुमचा सॉस न फुटतासुद्धा फिकाच लागला असता. लसूण मात्र स्टॉकच्या अर्धा मिनिट आधी घाला. कांद्याबरोबर घातला तर करपून कडू होतो.

प्रतिसाद ३

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त एक: चिकन धुऊच नका. नळाखाली धरलं की त्याचे शिंतोडे सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. जंतू शिजवण्याने मरतात, धुण्याने नुसते पसरतात.

प्रतिसाद १

न धुता? आमच्या आईसाहेबांना हे वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

प्रतिसाद ४

ब्रेस्ट कशाला वापरताय? मांडीचे पीस घ्या. ब्रेस्टमध्ये चरबी कमी, जरा जास्त शिजलं की दोरेच. मांडीत कोलॅजन असतं, ते शिजताना वितळून मांस मऊ करतं, त्यामुळे पाच-सात मिनिटं इकडेतिकडे झाली तरी माफ असतं. तुमच्या घरी जेवण साडेदहाला की पावणेअकराला ते नक्की नसणार, म्हणजे माफ करणारं मांसच हवं.

ब्रेस्टच करायचं तर आडवे कापून पातळ करा म्हणजे सारखे शिजतील. आणि मांस-थर्मामीटर घ्या. सगळ्यात जाड जागी टोचून 74 अंश सेल्सिअस दिसले की चिकन झालं. मांडी 80च्या वर गेली तरी उलट छानच लागते. आतून गुलाबी आहे का, रस स्वच्छ येतो का, या खुणांवर भरवसा ठेवू नका. फसवतात.

प्रतिसाद २

फुटलेल्या सॉसचं राहिलं. नुसतं तेल वर आलं असेल तर पॅन लगेच आचेवरून उतरवा, दोन चमचे गरम पाणी किंवा थोडं ताजं क्रीम घालून जोरात फेटा. बहुतेक वेळा जुळतं. मोहरीची पेस्ट चमचाभर घातली तर आणखी बरं, तेल-पाणी धरून ठेवते. पण कणी झाली असेल तर ती परत क्रीम होत नाही. चिकन बाहेर काढा आणि सॉस मिक्सरमधून फिरवा. दिसायला गुळगुळीत होईल, पण मग भांडी दोन.

धागाकर्ता

काल रात्री केलं. हाडं काढलेल्या मांडीचे सहा पीस घेतले, तासभर आधी मीठ लावून ठेवले आणि टिपून कोरडे केले. शेजाऱ्यांकडून स्टीलचा मोठा पॅन मागून आणला. पहिले दोन पीस असे चिकटले की तुमचं 'धीर धरा' आठवून दात-ओठ खात हात मागे बांधून उभा राहिलो. सहाव्या मिनिटाला खरंच सुटले! रंग बघून फोटो काढायचं भानही राहिलं नाही.

स्टॉक ओतल्यावर तळाची खरवड सुटली आणि रस्सा एकदम तपकिरी झाला. पीस परत आत, झाकण, मंद आचेवर बारा मिनिटं. मग 35 टक्क्यांचं क्रीम, तेही पळीभर स्टॉक मिसळून. तीन मिनिटांनी गॅस बंद. सॉस चमच्याच्या पाठीवर जाडसर चढला, बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली. एक कणी नाही.

एकच गडबड, खारट झालं. स्टॉक क्यूबचा होता, आटल्यावर मीठ चढलं हे डोक्यातच आलं नाही. वरून आणखी क्रीम ओतून सावरलं.

बायको पाव बुडवून शांतपणे जेवली. शेवटी म्हणाली, "छान झालंय. त्या दिवशीचं चीज नाही घातलंस?"

दोन पीस आणि वाटीभर सॉस उरलाय. उद्या गरम करताना परत फुटणार का?

प्रतिसाद ४

मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण ताकदीवर ठेवलंत तर फुटेल. पॅनमध्ये दोन चमचे दूध घालून मंद आचेवर, अधूनमधून ढवळत गरम करा. मीठही जरा उतरेल. पण चिकन आतपर्यंत वाफाळतं गरम होऊ द्या. आणि रात्री दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं होतं ना?

धागाकर्ता

ठेवलं होतं. पॅनसकट. शेजारी सकाळी पॅन मागायला आले, तेव्हा ते कळलं.